घरचा मीडिया सर्व्हर ९४ टक्के भरलाय, आणखी तीन डिस्क लावू का?

धायरी_फाटा

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. जरा मोठं होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला अंदाज येणार नाही.

घरी ऑफिसातून निघालेला एक सेकंडहँड डेस्कटॉप आहे, आय५ सहाव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, छोट्या एसएसडीवर ओपनमीडियाव्हॉल्ट (घरच्या सर्व्हरची सिस्टिम) आणि त्यावर जेलीफिन (टीव्ही-टॅबवर पिक्चर दाखवणारा प्रोग्रॅम). आत ४ टीबीच्या दोन डिस्क. टीव्हीवर, आईच्या टॅबवर सगळीकडे तेच चालतं, पाच वर्षांत एकदाही तक्रार नाही. आता दोन्ही मिळून ९४ टक्के भरल्यात, परवा मुलाच्या गॅदरिंगचा व्हिडिओ कॉपी करताना जागा नाही म्हणून अर्ध्यातच थांबलं.

आत काय आहे, तर पिक्चर आणि सिरियल मिळून पावणेपाच टीबीच्या आसपास, फोटो आणि फोनचे व्हिडिओ १.१ टीबी (हल्लीच्या फोनवर फोरके ६० फ्रेमने काढलं की मिनिटाला ४०० एमबीपर्यंत जातात), आणि तिसरं म्हणजे बाबांचं. बाबा सदाशिव पेठेत नारद मंदिरात कीर्तनाला जायचे आणि बुवांना विचारून टेप करून आणायचे. त्या नव्वद मिनिटांच्या १८० कॅसेट मी गेल्या तीन वर्षांत उतरवल्या, वेव्ह फॉरमॅटमध्ये तासाला ६३५ एमबी होतात. शिवाय घरातल्या लग्नामुंजींच्या ५२ मिनीडीव्ही टेप, त्या तासाला १३ जीबी. सगळं मिळून साडेआठशे जीबी झालंय आणि अजून शंभरेक कॅसेट बाकी आहेत. बाबा आता नाहीत. मिनीडीव्हीचा कॅमेरा शेवटच्या टेपनंतर बंद पडला आणि काही कॅसेटना बुरशी लागलीये, म्हणजे हे पुन्हा उतरवता येईल असं धरून चालत नाही.

माझा विचार असा की ४ टीबीच्या आणखी तीन घ्यायच्या आणि पाच डिस्कचं रेड ५ (सगळ्या जोडून एक, त्यात एका डिस्कएवढी जागा दुरुस्तीच्या माहितीला) करायचं, म्हणजे १६ टीबी मिळतील आणि एक डिस्क गेली तरी डेटा राहील. ऑनलाइन जादा डिस्क जोडायला एक स्वस्तातलं साटा कार्ड बघून ठेवलंय, एक्स१ स्लॉटमध्ये बसणारं. कॅबिनेटमध्ये जागा दोनच डिस्कची आहे, बाकीच्या तीन बाहेर स्टँडवर ठेवीन. बजेट ४० हजार. बॅकअपला २ टीबीची पोर्टेबल होती, ती हातातून पडून बंद झाली, तेव्हापासून तो विषय राहूनच गेलाय.

बरोबर चाललंय का हे? काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.

निळीवायर

पाच डिस्क त्या डब्याला पेलणार नाहीत, इथूनच सुरुवात करू. ऑफिसच्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये पॉवर सप्लाय बहुतेक १८० ते २४० वॉटचा असतो, कनेक्टर त्यांच्या स्वतःच्या ठेवणीचा, त्यामुळे बाजारातला साधा एटीएक्स सप्लाय सरळ बसत नाही आणि डिस्कची पॉवर पुष्कळदा मदरबोर्डवरच्या एका छोट्या कनेक्टरमधून येते. साडेतीन इंची डिस्क चालू असताना ६-८ वॉट घेते पण फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते, म्हणजे एकेक २४ वॉट, पाच एकदम उठल्या की १२० वॉट त्या बारीक वायरीतून. मग लोक स्प्लिटर लावतात. ते प्लास्टिक ओतून बनवलेले मोल्डेड स्प्लिटर तर अजिबात घेऊ नका, आतल्या तारा एकमेकींना चिकटायला आलेल्या असतात. मित्राच्या मशीनमधून असाच एक काळा पडलेला मी स्वतः बाहेर काढलाय, त्याच्या दोन डिस्क त्यातच गेल्या.

दुसरं ते कार्ड. स्वस्तातल्या कार्डांवर एका पोर्टला पोर्ट मल्टिप्लायर लावून सहा-आठ पोर्ट दाखवलेले असतात, रेडमध्ये अशा कार्डावरच्या दोनतीन डिस्क एकदम गायब होतात आणि अख्खा अ‍ॅरे खाली येतो. कार्ड घ्यायचंच तर एएसएम११६६ किंवा जेएमबी५८५ चिपचं घ्या, नाहीतर सर्व्हरमधून निघालेलं एलएसआय ९२११-८आय, आयटी मोडमध्ये फ्लॅश केलेलं (म्हणजे कार्ड स्वतः रेड करत नाही, डिस्क सरळ सिस्टिमला दाखवतं). पण ते एलएसआय गरम होतं, त्याला वाऱ्याचा झोत लागतो, तुमच्या बंद डब्यात तोही प्रश्नच.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत्ताच्या दोन डिस्क एसएमआर आहेत का ते मॉडेल नंबरवरून बघा. छपरावर कौलं जशी एकावर एक चढवतात तसे त्यात ट्रॅक चढवलेले असतात, एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून सलग मोठं लिहिणं आलं की त्या डिस्क रांगायला लागतात. पिक्चर वाचायला काही त्रास नाही. रेड रिबिल्डला (मेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना) मात्र नको, आणि ४ टीबीच्या डेस्कटॉप डिस्कमध्ये एसएमआर भरपूर आहे.

आणि आज रात्रीच करण्यासारखं एक. तुमच्या डेटा डिस्क एक्स्टफोर (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) असतील तर त्या ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य यूजरसाठी, राखून ठेवतात. सिस्टिमच्या डिस्कला ते बरं, पण नुसत्या डेटाच्या डिस्कला गरज नाही. ट्यूनटूएफएस ही कमांड वापरून ते शून्य किंवा एक टक्का करा, ४ टीबीच्या दोन डिस्कवर मिळून ४०० जीबीपर्यंत जागा डेटाला हात न लावता मोकळी होईल.

धायरी_फाटा

निळीवायर, खूप आभार. ते ट्यूनटूएफएसचं लगेच केलं, खरंच जागा मोकळी झाली, गॅदरिंगचा व्हिडिओ बसला एकदाचा.

मॉडेल नंबर बघितले, एक डिस्क एसएमआर निघाली, दुसरी सीएमआर (ट्रॅक एकावर एक नसलेली). स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्यात, दोन्ही ४१ हजार तास चाललेल्या दाखवतात. रिअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर (खराब आणि संशयित जागा) दोन्हीत शून्य, पण एकीत १९९ नंबरचा यूडीएमए सीआरसी एरर ३७ दाखवतोय, ती जायला लागलीये का? आणि पाच डिस्क नाहीतच म्हटल्यावर दोन मोठ्या घेऊन काय मांडणी करू, मिरर (दोन्हीवर तेच) करू का स्नॅपरेड (दुरुस्तीची माहिती वेगळ्या डिस्कवर)?

निळीवायर

१९९ म्हणजे डिस्क नाही, केबल. साटा केबल बदला. आकडा ३७ वरून खाली येणार नाही पण पुढे वाढायचा थांबला की समजा झालं.

जास्वंद

मांडणीच्या आधी एक विचारते, रागावू नका. तुमच्या पोस्टमध्ये पावणेपाच टीबी पिक्चर आहेत आणि दोन टीबी घरचं, आणि रेड ५ तुम्ही दोघांनाही एकसारखंच लावताय. पिक्चर गेले तर पुन्हा मिळवता येतात, वेळ जाईल एवढंच. बाबांच्या कॅसेट गेल्या तर संपलं. आणि आत्ता त्या साडेआठशे जीबीची जगात एकच प्रत आहे, तीही ४१ हजार तास चाललेल्या डिस्कवर. रेड ५ झालं असतं तरी ती एकच प्रत राहिली असती, फक्त पाच डिस्कवर पसरलेली. चुकून फोल्डर डिलीट झालं, मुलानं काही केलं, रॅन्समवेअर आलं, सप्लायनं सगळ्या डिस्क एकदम मारल्या, यातल्या कशालाच रेड उपयोगी नाही. मी हे शिकले ते लेकीच्या पहिल्या दोन वर्षांचे व्हिडिओ घालवून. माझ्याकडे मिरर होता, दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या, मीच चुकीच्या फोल्डरवर डिलीट दाबलं आणि मिररनं इमानेइतबारे दोन्हीकडून पुसलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून मी काय सुचवते, ८ टीबीच्या दोन घ्या, सीएमआर असलेल्या (आयर्नवुल्फ किंवा रेड प्लस, ८ टीबीला दोन्ही सीएमआर आहेत). त्या दोन तुमच्या आत्ताच्या दोन जागांवर बसतील. कार्ड नको, सप्लाय नको, स्टँड नको. दोन्ही वेगळ्या फाइलसिस्टिम ठेवा, वरून मर्जरएफएस लावलं की जेलीफिनला एकच मोठं फोल्डर दिसतं, ओपनमीडियाव्हॉल्टला त्याचं प्लगइन आहे. पॅरिटी (दुरुस्तीची माहिती) वगैरे काही नको आत्ता. घरचे दोन टीबी मात्र दोन्ही डिस्कवर ठेवायचे, मूळ पहिलीवर आणि रोज रात्री आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमनं दुसरीवर. त्या आरसिंकला डिलीटचा पर्याय देऊ नका, नाहीतर माझ्यासारखीच गत होईल, त्यापेक्षा आरस्नॅपशॉट लावा म्हणजे तारखेवार प्रती राहतात आणि न बदललेल्या फाइल पुन्हा जागा खात नाहीत.

आणि सुटलेल्या दोन ४ टीबीच्या, त्यावर फक्त घरचे दोन टीबी कॉपी करायचे आणि एक कायम घराबाहेर ठेवायची. तिथे एसएमआर असली तरी बिघडत नाही कारण एकदा लिहून ठेवून द्यायची आहे. दोनतीन महिन्यांनी अदलाबदल करायची.

पिक्चरची एक डिस्क मेली तर त्यावरचे पिक्चर जातील हे मान्य करून चालायचं. फक्त रोज रात्री सगळ्या फाइलींच्या नावांची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये निघेल असं लावून ठेवा आणि ती यादी बॅकअपमध्ये जाऊ द्या, म्हणजे नेमकं काय गेलं ते कळतं. नाहीतर अर्धं कलेक्शन गेल्यावर आपल्याकडे काय होतं हेच आठवत नाही.

पर्वती_पायथा

जास्वंद यांचं बॅकअपचं शंभर टक्के पटलं, पण पॅरिटी नको म्हणताना एक गोष्ट राहून गेली, डेटा गुपचूप सडतो त्याचं काय? एक्स्टफोरला फाइलमधला एखादा बिट उलटला तर पत्ताच लागत नाही, आरसिंक तीच खराब फाइल इमानानं बॅकअपला नेईल. झेडएफएस ही फाइलसिस्टिम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते, मिरर असेल तर दुसऱ्या डिस्कवरून स्वतःच दुरुस्त करते, महिन्याला एकदा स्क्रब (पूर्ण तपासणी) लावला की झालं. इसीसी (स्वतःची चूक दुरुस्त करणारी) रॅम नसेल तरी चालतं, तो बाऊ उगाच केला जातो. ८ जीबी रॅमपण घरच्या वापराला पुरते. पूर्वी झेडएफएसची अडचण ही होती की रेडझेडमध्ये (झेडएफएसचं रेड ५ सारखं) नंतर एक डिस्क वाढवता यायची नाही, तेही ओपनझेडएफएस २.३ मध्ये आलं जानेवारी २०२५ ला.

मी असतो तर त्या दोन ८ टीबीचा सरळ झेडएफएस मिरर केला असता.

जास्वंद

मिरर केला तर त्यांना मिळणार ८ टीबी, म्हणजे आज आहे तेवढंच, आणि जागा कमी पडते म्हणून तर ते आलेत. पण सडण्याचा मुद्दा खरा आहे, तो मी लिहायला हवा होता. त्यांच्या केसमध्ये घरच्या फाइली एकदा आल्या की बदलत नाहीत, त्यामुळे बाबांच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलचा शा-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून यादी करून ठेवायची आणि महिन्यातून एकदा तपासायची. एखादी जुळली नाही तर उरलेल्या प्रतींतून चांगली परत आणायची. फक्त आरस्नॅपशॉट लावताना एक बघा, डिस्कवर आपोआप बिघडलेली फाइल आकारानं आणि तारखेनं तीच राहते म्हणून आरसिंक ती बदलली असं मानतच नाही आणि जुनी चांगली प्रत तशीच राहते, म्हणजे या बाबतीत उलट फायदाच आहे.

पर्वती_पायथा

हे चालेल. एवढ्या मोठ्या आणि न बदलणाऱ्या फाइलींना हॅशची यादी पुरेशी आहे, मागे घेतो मिररचं.

नारायणपेठ

मी वयानं बराच मोठा आहे, यातलं तांत्रिक तुम्हा मंडळींना जास्त कळतं. पण ती घराबाहेरची प्रत आहे ना, त्यावर दोन शब्द लिहितो.

आमच्या घरात १९६१ च्या आधीचा एकही फोटो नाही. १२ जुलैला पानशेत फुटलं आणि नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं, ट्रंकेत सगळे फोटो होते, आजोबांचा, आजीच्या लग्नातला, सगळे. माझा जन्म नंतरचा. आजोबा कसे दिसायचे हे मला आत्याकडच्या एका ग्रुप फोटोतून माहीत आहे, तोही आत्या मिरजेला होती म्हणून वाचला. घराबाहेरची प्रत म्हणजे काय ते मला असं समजलं. आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका, २०२४ च्या २५ जुलैला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर तुमच्याच सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं होतं. डिस्क बाहेर ठेवायची तर वरच्या मजल्यावरच्या नातेवाइकांकडे ठेवा, शेजारच्या बिल्डिंगमध्ये ठेवून उपयोग नाही.

डबा कुठे ठेवलाय तेही बघा. टीव्हीखालच्या बंद कप्प्यात असेल तर एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस असताना आत किती होतं ते मोजा. माझ्या मुलानं ठेवला होता तसा, डिस्क ५४ पर्यंत जायच्या, कप्प्याचं मागचं फळकूट काढून टाकल्यावर ४३ वर आल्या. गुगलनं २००७ मध्ये त्यांच्या लाखभर डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात तापमानाचा परिणाम लोक समजतात तेवढा दिसला नाही, जास्त वय आणि खूप उष्णता एकत्र आली की दिसला. त्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त मेलेल्या डिस्कमध्ये स्मार्टच्या मुख्य चार आकड्यांपैकी एकही हललेला नव्हता. म्हणून तुमचे शून्य सेक्टर बघून निश्चिंत होऊ नका.

वीज तर तुम्हाला माहीतच आहे, गुरुवारी महावितरणचं काम निघालं की जाते. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या पाठीमागे यूपीएस मोडचं बटण असतं ते बघा, साध्या मोडवर बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस वेगळा लावला आणि यूएसबीनं सर्व्हरला जोडला तर बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर स्वतः नीट बंद होतो, माझ्या मुलानं नट नावाच्या प्रोग्रॅमवर तसं करून दिलंय.

निळीवायर

काकांनी यूपीएसचं बरं आठवण करून दिलं, बजेटमधून आधी तो काढा.

डिस्क घेताना एवढं बघा. दोन्ही एकाच दुकानातून एकाच लॉटच्या घेऊ नका. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा तपकीर गल्लीत चौकशी करा, ऑनलाइनपण बघा, पण पैसे देण्याआधी सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का ते तपासा. वापरलेल्या डिस्कचे तास शून्य करून नव्या म्हणून विकण्याचे प्रकार झालेत. सीगेट असेल तर फार्म नावाचा वेगळा लॉग असतो, स्मार्टमॉनटूल्स ७.४ पासून तो वाचता येतो, त्यातले तास आणि स्मार्टमधले तास जुळले पाहिजेत.

आणल्या आणल्या डेटा टाकू नका. आधी स्मार्टची लाँग टेस्ट, ८ टीबीला बारा-चौदा तास लागतात. मग बॅडब्लॉक्स हा डिस्क तपासायचा प्रोग्रॅम लिहिण्याच्या मोडमध्ये, तो चार वेळा लिहून चार वेळा वाचतो, चारपाच दिवस जातील, जाऊ द्या. नवीन डिस्क मरायची असेल तर तेव्हाच मरू दे. फक्त बॅडब्लॉक्स रिकाम्या डिस्कवरच चालवा, डिस्कचं नाव तीनदा वाचा, तो सगळं पुसतो.

डेटा हलवण्यासाठी डीव्हीडी ड्राइव्ह काढा, त्याची साटा आणि पॉवर तात्पुरती नव्या डिस्कला द्या. तीन डिस्क थोड्या दिवसांना सप्लाय ओढेल. आणि मोठ्या डिस्कला जीपीटी पार्टिशन टेबल करा, जुन्या एमबीआरला २ टीबीच्या पुढे दिसत नाही.

धायरी_फाटा

तीन आठवड्यांनी लिहितोय, मुद्दाम सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

जास्वंदताई, तुमची पोस्ट वाचली त्या रात्री झोप आली नाही खरं सांगतो. जगात एकच प्रत, हे असं मी कधी मोजलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जायच्या आधी भावाकडून २ टीबीची एक डिस्क उसनी आणली आणि नवीन काही घ्यायच्या आधी बाबांचं फोल्डर तिच्यावर उतरवलं.

मग ८ टीबीच्या दोन घेतल्या, एक पेठेतून आणि एक ऑनलाइन. पेठेतल्या पहिल्या दुकानात दाखवलेल्या डिस्कचा सिरियल टाकला तर भारतातली वॉरंटी निघेना, तशीच परत दिली, दुसरीकडे मिळाली. बॅडब्लॉक्सला पूर्ण पाच दिवस लागले, दोन्ही पास. कॉपी करताना जुन्या एसएमआर डिस्कवरून वाचायला काही अडचण आली नाही, दोन्ही जुन्या मिळून सोळा तासांत उतरल्या. १९९ चा आकडा केबल बदलल्यापासून ३७ वरच आहे. आता ओपनमीडियाव्हॉल्ट १४.५ टीबी दाखवतं (आठ आणि आठ सोळा का नाही म्हणून बायकोनं विचारलं, तिला हजार आणि १०२४ चा फरक सांगितला), घरच्या दोन प्रती जाऊनही पाच टीबी मोकळे आहेत.

यूपीएस बसवला. गेल्या गुरुवारी साडेदहाला वीज गेली, सर्व्हर बारा मिनिटांनी स्वतः बंद झाला, लॉगमध्ये नीट नोंद आहे. डबा कप्प्यातून काढून पॅसेजमध्ये बुटांच्या कपाटावर ठेवलाय, तिथे वारं लागतं, डिस्क ३९ च्या वर गेल्या नाहीत.

हॅशची यादी केली तेव्हा एक सापडलं. भावाच्या डिस्कवरच्या प्रतीत दोन फाइली जुळत नव्हत्या, कॉपी करताना केबल हलली होती बहुतेक. मूळ फाइली चांगल्या होत्या म्हणून पुन्हा उतरवल्या. पर्वती_पायथा, तुम्ही तो मुद्दा काढला नसता तर हे मला कधीच कळलं नसतं.

एक ४ टीबी ताईकडे निगडीला चौथ्या मजल्यावर दिलीये, स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट. नारायणपेठ काका, तुमचं आत्याच्या फोटोचं तिला वाचून दाखवलं. तिनं तो डबा देवघराच्या कपाटात वरच्या खणात ठेवलाय आणि त्यावर चिठ्ठी लावलीये, "बाबांची कीर्तनं, हलवू नये". दिवाळीत दुसरी नेऊन ही परत आणणार.

आता राहिलेल्या शंभर कॅसेट. बुरशी लागलेल्या बाजूला काढल्यात, त्या स्वच्छ केल्याशिवाय डेकमध्ये घालणार नाही. बाकीच्यांतल्या पहिल्या वीस या रविवारपासून, डेकची हेड आयसोप्रोपिलनं पुसून ठेवलीयेत.